नोंदणी-पाटीचे स्थान आणि तिचा वाचक : मोटारवाहनांवरील क्रमांकाच्या नियमांचा एक विचार

१

मोटारवाहनावर नोंदणीचा क्रमांक असावा ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तो वाहनाच्या नेमक्या कोणत्या जागी असावा हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या विषयावरील नियम लक्षपूर्वक वाचले असता असे आढळते की, क्रमांक कोणता द्यावा याइतकेच लक्ष नियमकर्त्यांनी तो कोठे लावावा याकडे पुरविले आहे. पुढे की मागे, डाव्या अंगास की उजव्या, आडवा की वाहनाच्या लांबीच्या दिशेने, एका ओळीत की दोन ओळींत, असा बारीकसारीक विचार या नियमांत झालेला आहे. या तपशिलास केवळ कारकुनी महत्त्व आहे असे समजणे योग्य होणार नाही. लेखन कोठे करावयाचे हे जेव्हा ठरते, तेव्हा ते कोणी वाचावयाचे हेही त्यातच ठरून जाते. शिलालेख देवळाच्या भिंतीवर असतो आणि ताम्रपट धन्याच्या पेटीत असतो. दोहोंत दानाचीच नोंद असली तरी दोहोंचा वाचक निराळा असतो. नोंदणी-पाटी हाही एक लघुलेखच आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी त्याच्या वाचकाचा इतिहास होय.

प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात मांडून, नंतर सातारा जिल्ह्यातील वाई व तिच्या परिसरातील रस्त्यांवर त्याचा प्रत्यय कसा येतो हे पाहावयाचे आहे. वाईची निवड करण्यास कारण आहे. पुण्याहून सुरूरमार्गे येऊन पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणारी परगावची वाहने आणि कृष्णाकाठचा ऊस कारखान्याकडे नेणारे ट्रॅक्टर, अशी दोन अगदी भिन्न प्रकारची वाहतूक या एका गावाच्या परिसरात एकत्र येते. त्यामुळे पाटीच्या वाचकाचा प्रश्न येथे विशेष स्पष्टपणे उभा राहतो.

२

वाहनावर क्रमांक घालण्याची चाल मोटारीपेक्षा जुनी आहे. मुंबई शहरात भाड्याने चालणाऱ्या घोडागाड्यांचे नियमन करणारा कायदा इ. स. १८६३ मध्येच झाला होता. परवान्यावर चालणाऱ्या टांग्यास क्रमांक असे. पुढे सायकलींचा प्रसार झाला तेव्हा अनेक नगरपालिकांनी सायकलीवर कर बसविला आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा लहानसा बिल्ला देण्यास सुरुवात केली. ‘बिल्ला’ आणि ‘पाटी’ या दोन शब्दांतील भेद येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. बिल्ला जवळून पाहावयाचा असतो. त्याचा वाचक म्हणजे वाहन थांबवून हात लावून तपासणारा कर-कारकून अथवा शिपाई. पाटी दुरून वाचावयाची असते आणि तिचा वाचक वाहनास थांबवू शकेलच असे नसते. सायकलीस बिल्ला पुरला, मोटारीस तो पुरेना. याचे कारण वेग हे होय.

मोटारीच्या बाबतीत पहिला महत्त्वाचा नियम पॅरिस येथील पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ रोजी काढला. प्रत्येक मोटारवाहनावर धातूची पट्टी असावी, तीवर मालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा क्रमांक सुवाच्य अक्षरांत असावा, ती वाहनाच्या डाव्या अंगास लावावी आणि ती कधीही झाकली जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. फ्रान्समध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे वाहनाचे डावे अंग रस्त्याच्या मध्याकडे येते. नाव आणि पत्ता चालत्या गाडीवर वाचणे अवघड आहे. यावरून असे अनुमान काढता येते की, ही पट्टी पाटीपेक्षा बिल्ल्यास जवळची होती. मात्र ‘कधीही झाकली जाऊ नये’ या अटीत पुढील सर्व नियमांचे बीज आहे.

न्यूयॉर्क राज्याने २५ एप्रिल १९०१ रोजी केलेल्या कायद्यात स्थान बदलले. मालकाच्या नावाची आद्याक्षरे, किमान तीन इंच उंचीची, वाहनाच्या मागील बाजूस ठळकपणे असावीत असे ठरले. नाव-पत्ता जाऊन आद्याक्षरे आली आणि बाजू सोडून पाठ आली. निघून जाणारे वाहन हा आता विचाराचा विषय झाला होता. अर्थात एकाच आद्याक्षरांचे मालक अनेक असणार हे उघड होते. लवकरच अक्षरांच्या जागी क्रमांक आले. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटारविषयक कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला आणि तेथे पुढे व मागे अशा दोन्ही जागी चिन्ह लावण्याची रीत रूढ झाली. एका वाहनाने दुसरे वाहन ओढले जात असेल तर चिन्ह ओढल्या जाणाऱ्या वाहनावरही यावे, हा विचारही त्या कायद्यात आहे. वाईच्या संदर्भात या तरतुदीकडे आपणांस पुन्हा वळावे लागेल.

३

हिंदुस्थानात हा विषय प्रारंभी प्रांतिक कायद्यांचा होता. बंगालमध्ये १९०३ साली, मुंबई इलाख्यात १९०४ साली, मद्रास व पंजाब येथे १९०७ साली आणि संयुक्त प्रांतात १९११ साली असे कायदे झाले. १९१४ साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा करण्यात आला. हा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे, आणि वाईच्या भोवतालचा मुलूख तर भोर, औंध, फलटण, सांगली अशा संस्थानांनी व्यापलेला होता. ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाल्यावरच या टापूत एकसूत्रीपणा येऊ शकला.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने चिन्हाचा साचा निश्चित केला. प्रांतास नेमून दिलेल्या अक्षरगटांपैकी एक गट आणि त्यापुढे जास्तीत जास्त चार अंक, असा तो साचा होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर येथील वाहनांवर ‘एम’ या रोमन अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरांचे गट दिसत. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याबरोबर आजची पद्धत आली. तीनुसार प्रथम राज्य, मग नोंदणी कार्यालयाचा अंक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक येतात. कोल्हापूरला ०९, सांगलीला १०, साताऱ्याला ११ व पुण्याला १२ हे अंक मिळाले.

स्थानाच्या दृष्टीने १९८९ च्या केंद्रीय नियमांतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट मोटारसायकलीची. पूर्वी मोटारसायकलीच्या पुढील मडगार्डवर चाकाच्या रेषेत उभी पाटी असे आणि तिच्या दोन्ही अंगांवर क्रमांक रंगविलेला असे. बुलेट, जावा, राजदूत या गाड्यांवरील ती पाटी जुन्या पिढीस चांगली आठवत असेल. तिचा वाचक रस्त्याच्या कडेला उभा असलेला मनुष्य होता. समोरून पाहणाऱ्यास तिची केवळ कड दिसे. ब्रिटनमध्ये अशी पाटी धडकेच्या वेळी पादचाऱ्यास पात्यासारखी लागते म्हणून मोटारसायकलीवरील पुढील पाटीची सक्ती १९७५ साली रद्द करण्यात आली. भारताच्या नियमाने पाटी ठेवली, पण तिची दिशा फिरविली. वाहनाच्या अक्षाच्या रेषेत पाटी न लावता हँडलास समांतर राहील अशा रीतीने चिन्ह लावावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. मोटारसायकलीच्या पुढील पाटीवरील अक्षरे व अंक ३० मिलिमीटर उंचीचे असावेत. मागील पाटीवर मात्र अक्षरे ३५ व अंक ४० मिलिमीटर उंचीचे सांगितले आहेत. मोटारगाडी व इतर मोठ्या वाहनांस ही उंची ६५ मिलिमीटर आहे. मागील लेख पुढीलपेक्षा मोठा आणि मागील लेखातही अंक अक्षरांपेक्षा मोठे, यावरून नियमकर्त्यांच्या मनातील मुख्य वाचक कोण होता हे कळते. तो वाहनाच्या मागे राहिलेला मनुष्य आहे. रात्री मागील चिन्ह पंधरा मीटर अंतरावरून वाचता येईल असा पांढरा प्रकाश त्यावर पडला पाहिजे, ही अट याच वाचकासाठी आहे.

तिसरी गोष्ट ओळींची. राज्य व कार्यालय यांचा संकेत पहिल्या ओळीत आणि उरलेला भाग दुसऱ्या ओळीत असावा, पुढील पाटी एका ओळीत चालेल, असा नियम आहे. वाक्यातील उद्देश्य व विधेय यांचे स्मरण व्हावे अशी ही मांडणी आहे. पहिली ओळ बहुधा परिचित असते. साताऱ्याच्या रस्त्यावर ‘एमएच ११’ वाचून फारसे नवे काही कळत नाही. विशिष्ट वाहनाविषयी जे सांगावयाचे ते दुसऱ्या ओळीत असते. क्षणभर मिळालेली नजर कोठे टिकवावी हे या मांडणीने वाचकास आपोआप सुचविले जाते.

४

आता या लेखाच्या भाषेविषयी. कायद्याच्या मराठीत ‘नोंदणी चिन्ह’ असा शब्द आहे, शासकीय पत्रकांत ‘नोंदणी क्रमांक पाटी’ असा प्रयोग आढळतो आणि लोक ‘नंबर’ अथवा ‘नंबर प्लेट’ म्हणतात. वाहन कोणत्या जिल्ह्याचे हे सांगताना मात्र ‘पासिंग’ हा शब्द येतो. ‘साताऱ्याचे पासिंग’ म्हणजे तेथील कार्यालयात नोंद झालेले वाहन. तपासणीच्या क्रियेचे नाव येथे मूळस्थानाचे नाव झाले आहे. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी झाली आणि परिभाषेतील एकेक शब्द पारखून घेतला गेला, तेथेही बाजारात ‘पासिंग’ हाच शब्द चालतो यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. शब्द जेथे गरज पडते तेथे घडतो.

लिपीविषयी नियम असा की, अक्षरे इंग्रजी आणि अंक ‘अरबी’ असावेत. या अंकांनाच भारतीय संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय स्वरूप म्हटले आहे. एकाच देशाच्या दोन विधिलेखांत एकाच चिन्हसमूहास दोन नावे असावीत हे चमत्कारिक होय. परंतु नावाचा वाद बाजूस ठेवला तरी एक व्यावहारिक बाब उरते. केवळ देवनागरी जाणणाऱ्या माणसास पाटीवरील रोमन अक्षरे वाचता येत नाहीत. अंक मात्र नोटा, नाणी, घड्याळ व दूरध्वनी यांमुळे त्याच्याही परिचयाचे झालेले असतात. म्हणून मागील पाटीवर अंक मोठे ठेवणे आपल्याकडे विशेष हितावह आहे. तथापि केवळ चार अंकांनी वाहन ओळखता येत नाही, कारण तेच चार अंक जिल्ह्याच्या प्रत्येक अक्षरमालिकेत पुन्हा येतात. चार अंकांमुळे शोधाचा घेर लहान होतो, एवढाच त्यांचा उपयोग.

मराठीतील संख्यावाचनाची आणखी एक अडचण आहे. आपण दोन-दोन अंकांच्या जोड्या करून संख्या बोलतो आणि एकम स्थानाचा अंक आधी उच्चारतो. ४३ लिहिताना चार आधी येतो, ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी येतो. ३४ म्हणजे ‘चौतीस’, येथे चार आधी. डोळ्यांनी पाहिलेला क्रम आणि जिभेवर येणारा क्रम उलट असल्यामुळे, घाबरलेल्या साक्षीदाराने सांगितलेल्या जोडीत उलटापालट होण्याचा संभव असतो. जबाब घेणाऱ्याने प्रत्येक अंक सुटा वदवून घेतला तर हा दोष टाळता येतो.

याच्या उलट प्रकार म्हणजे अंकांना अक्षरांचे रूप देण्याची हौस. आंतरराष्ट्रीय वळणाचे दोन, एक व चार हे अंक थोडे वाकविले की देवनागरी ‘राम’ दिसतो. आठ, शून्य, पाच, पाच यांतून इंग्रजी ‘बॉस’ तयार होतो. यात भाषिक कल्पकता आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु पाहणाऱ्यास शब्द दिसतो आणि संख्या हरवते. पाटी योग्य जागी असूनही तिच्या वाचकापासून ती दूर जाते. झाकून जाण्याचाच हा एक प्रकार आहे.

५

वाईच्या परिसरात झाकून जाण्याचा याहून गंभीर प्रकार ऊस-हंगामात दिसतो. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहकारी साखर कारखान्यांचे जाळे आहे. हिवाळ्यात गळीत सुरू झाले की ट्रॅक्टरला एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या जोडून ऊस नेला जातो. मोळ्या ट्रॉलीच्या सांगाड्याबाहेर येतात, वाढे मागे लोंबत असते. ट्रॅक्टरचा पुढील क्रमांक दिसतो, पण मागून येणाऱ्यास समोर उसाची भिंत असते.

या स्थितीविषयी कायदा मूक नाही. १९८८ च्या अधिनियमाच्या ६१ व्या कलमात दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. ट्रेलरला मिळालेले स्वतःचे चिन्ह त्याच्या बाजूवर लावावे. आणि जे वाहन ट्रेलर ओढते, त्या वाहनाचे चिन्ह ट्रेलरवर, ट्रेलर अनेक असल्यास त्यांतील शेवटच्यावर, लावल्याशिवाय ते चालवू नये. १९०३ च्या ब्रिटिश कायद्यातील विचारच येथे अधिक नेमका झाला आहे. बाजूवरील चिन्ह ट्रॉली कोणाची हे सांगते, मागील चिन्ह ती कोण ओढत आहे हे सांगते. ट्रॉल्या शेतकऱ्यांत उसनवार फिरतात, जोड्या हंगामात बदलतात. म्हणून ही दोन विधाने वेगळी ठेवण्यात शहाणपण आहे. परंतु ट्रॉल्या बदलल्या की शेवटच्या ट्रॉलीवरील पाटीही बदलली पाहिजे, आणि भार भरल्यावर ती उघडी राहिली पाहिजे. या दोन्ही गोष्टी ट्रॉली भरणाऱ्याच्या हातात असतात, पाटी रंगविणाऱ्याच्या नव्हे.

अंधारात अशा ट्रॉलीवर मागून वाहन आदळू नये म्हणून परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात, आणि त्या आवश्यकच आहेत. परावर्तक अपघात टाळतो. पाटीचे काम अपघात झाल्यावर सुरू होते, आणि ते किती मोलाचे आहे हे नुकसानभरपाईच्या तरतुदींवरून कळते. धडक देणाऱ्या वाहनाची ओळख पटली तर मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा करता येतो. तेथे मृताची मिळकत व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होऊन भरपाई ठरते, आणि वाहनाचा सक्तीचा विमा तिच्या पाठीशी असतो. प्रयत्न करूनही वाहनाची ओळख पटली नाही तर कलम १६१ खालील ठराविक रक्कम मिळते. ही रक्कम मृत्यूच्या बाबतीत दीर्घकाळ २५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती २,००,००० रुपये झाली, गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये. मिळवत्या माणसाच्या उरलेल्या आयुष्यभराच्या मिळकतीपुढे ही रक्कम किती अल्प आहे हे सांगावयास नको. या दोन मार्गांपैकी कोणता मार्ग एखाद्या कुटुंबाच्या वाट्यास येईल हे कित्येकदा मागच्या पाटीवरील काही अक्षरे व अंक कोणी वाचू शकले की नाही, एवढ्यावर अवलंबून असते.

६

गेल्या पंचवीस वर्षांत पाटीचा वाचक पुन्हा बदलत आहे. २००१ साली केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आली. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनिअमचा पत्रा, उठावाची अक्षरे, चक्राची चकाकती मुद्रा, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसविल्यावर मोडल्याशिवाय न निघणारे कुलूप ही तिची लक्षणे होत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती कारखान्याकडूनच मिळू लागली. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांना ती बसविण्याची मुदत २०२५ साली वारंवार वाढवावी लागली. मोटारगाडीस याशिवाय तिसरे चिन्ह असते. ते दर्शनी काचेच्या आतील बाजूस डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटविलेले असते आणि त्यात इंजिन व सांगाडा यांचेही क्रमांक असतात. ते जवळून वाचावयाचे आहे, म्हणजे जुना बिल्लाच नव्या रूपाने परत आला आहे. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. महामार्गावरील आनेवाडीच्या नाक्यावर वाहनाची ओळख पटते ती काचेवरील या पट्टीतील लहरींनी, तेथे डोळ्यांनी वाचण्यासारखे काहीच नसते.

या साधनांमुळे बनावट पाट्यांस आळा बसेल व गुन्ह्यांचा तपास सुकर होईल यात संशय नाही. परंतु यंत्र हा पाटीचा प्रमुख वाचक होत असताना दुसरा वाचक विस्मृतीत जाण्याचे भय आहे. कॅमेरा महामार्गावर आणि नाक्यावर असतो. मेणवलीच्या किंवा भुईंजच्या आडरस्त्यावर, सायंकाळी शेतातून परतणाऱ्या माणसापाशी फक्त त्याची नजर असते.

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. पाटीचे स्थान डाव्या बाजूकडून मागे, मागून दोन्ही टोकांकडे, आणि आता काचेच्या आत असे सरकत आले, आणि प्रत्येक स्थलांतराबरोबर नवा वाचक कल्पिला गेला. जुना वाचक मात्र नाहीसा झाला नाही. म्हणून नवी जागा जोडताना जुनी जागा दुर्लक्षित होता कामा नये. ऊस-वाहतुकीपुरते बोलावयाचे तर शेवटच्या ट्रॉलीवरील पाटी भाराच्या खाली, सांगाड्याच्या आडव्या दांड्यावर, दिव्यासह बसविणे, आणि वजनकाट्यावरून ट्रॉली निघताना ती ट्रॅक्टरच्या क्रमांकाशी ताडून पाहणे, या दोन गोष्टींस नवा कायदा लागत नाही. पॅरिसच्या नियमाने १८९३ साली घातलेली ‘कधीही झाकली जाऊ नये’ ही अट त्यामुळे येथे पाळली जाईल, आणि ज्याच्यासाठी मागची अक्षरे मोठी केली गेली, त्या मागे राहिलेल्या माणसास ती वाचता येतील.